थ्रॉटलवरची काजळी येते कुठून?

शिरूर तालुक्यातलं निमोणे पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. पावसाळा सरला की इथल्या पांदण रस्त्यांवर फुफाटा उठतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून जाणाऱ्या चारचाकीच्या काचेवर बघता बघता धुळीचा थर बसतो. अशा गावात गाडी उभी असताना इंजिन थरथरायला लागलं, एसी लावल्याबरोबर बंद पडलं, आणि मेकॅनिकने हवेचा पाइप काढून थ्रॉटल बॉडीचं काळंकुट्ट तोंड दाखवलं, तर मालक म्हणणार, रस्ताच असला आहे, धूळ जाणारच. हा तर्क सहज सुचतो, पण तो चुकीचा आहे. थ्रॉटलवर बसलेली काळी, चिकट काजळी जवळजवळ सगळी इंजिनाच्या आतूनच आलेली असते. रस्त्याच्या धुळीचा त्यात हात असतो, पण तो वेगळ्या वाटेने, आणि ती वाट पुढे येईलच. ही गोष्ट एकदा नीट समजली की थ्रॉटल घरच्या घरी साफ करावा का, केव्हा करावा, कशाने करावा आणि किती दिवसांनी करावा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बदलतात. दर सर्व्हिसिंगला सवयीने क्लीनरचा कॅन मारून घेणाऱ्याचे पैसे त्यातून वाचतात. कधीच लक्ष न देणाऱ्याची गाडीही भर चौकात बंद पडायची थांबते.

पेट्रोल इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची तर आत जाणारी हवा कमी-जास्त करावी लागते, कारण हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण जवळपास बांधलेलं असतं. वजनाने एक भाग पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवेवर नियंत्रण ठेवण्याचं हे काम थ्रॉटल बॉडी करते. ती म्हणजे ॲल्युमिनियमचं एक आखूड नळकांडं, आणि त्याच्या आत आडव्या दांड्यावर फिरणारी धातूची गोल चकती. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप तिच्या एका बाजूला, सिलिंडरांना हवा वाटणारा इंजिनाचा मॅनिफोल्ड दुसऱ्या बाजूला. ॲक्सिलरेटर दाबला की चकती फिरते आणि वाट उघडते. जुन्या गाड्यांत पेडलपासून चकतीपर्यंत केबल असते. अलीकडच्या गाड्यांत पेडल फक्त गाडीतल्या संगणकाला कळवतं आणि चकती छोटी मोटर फिरवते. पांदणीने शेतात जाणाऱ्या ट्रॅक्टरवर मात्र ही वस्तू शोधू नये. स्टिअरिंगजवळच्या दांड्याला आपण थ्रॉटलच म्हणतो, पण साध्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये तो दांडा डिझेल पंपाच्या गव्हर्नरला जोडलेला असतो, आणि हवेच्या वाटेत चकती नसतेच. डिझेल इंजिन हवा पूर्ण घेतं आणि ताकद डिझेलच्या मात्रेने ठरवतं. सीएनजी बसवलेली गाडी मुळात पेट्रोलच्याच इंजिनावर चालते, त्यामुळे तिच्यात थ्रॉटल असतो आणि इथलं सगळं म्हणणं तिलाही लागू आहे.

एवढ्याशा काजळीने इंजिन बंद कसं पडतं, हे आकड्यांनी पाहावं लागेल. १.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. गाडी उभी आहे, पेडलवर पाय नाही, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय, म्हणजे आयडलिंगवर आहे. दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकदा भरतात, म्हणजे पूर्ण भरले तर मिनिटाला ४८० लिटर हवा लागेल. पण चकती जवळजवळ मिटलेली असल्याने मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर उतरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दीडशे-एकशे साठ लिटरच हवा आत जाते. तेच इंजिन ६००० फेऱ्यांवर पूर्ण पेडल दाबून पळवलं तर मिनिटाला ३६०० लिटरच्या आसपास हवा ओढतं. आता थ्रॉटलचा आतला व्यास ४५ मिलिमीटर धरा. चकती पूर्ण उघडली तर सुमारे १५९० चौरस मिलिमीटरचं तोंड मिळतं. गाडी उभी असताना लागणाऱ्या हवेला मात्र हिशेबाने पंधराएक चौरस मिलिमीटर पुरतात. चकतीचा घेर १४१ मिलिमीटर भरतो. त्या घेराभोवती ही जागा वाटली तर फट राहते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीची. या फटीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश जाडीचा थर बसला की आयडलिंगच्या हवेचा पाचवा ते चौथा हिस्सा अडला. तोच थर उघड्या तोंडाच्या दीड हजार चौरस मिलिमीटरमध्ये कुठल्या कुठे हरवतो. त्यामुळेच थ्रॉटल घाण झालेली गाडी हायवेला व्यवस्थित पळते आणि स्पीडब्रेकरपाशी वेग उतरला की दगा देते. जुन्या काही एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्यांत आयडलिंगची हवा चकतीला वळसा घालून वेगळ्या बारीक वाटेने जाते आणि एक झडप ती मोजून सोडते. तिथे काजळी त्या बारीक वाटेत आणि झडपेच्या टोकावर बसते. लक्षण तेच राहतं.

आता काजळीच्या उगमाकडे वळू. त्याचा पहिला पुरावा एक पांढरं सुती फडकं देतं. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला, घड्यांच्या खाचांत, आपल्याकडची मातकट-करडी धूळ भरलेली दिसेल. मग फिल्टरनंतरच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात आतून फडकं फिरवा. फिल्टर धड असेल आणि डब्याची कड नीट बसलेली असेल, तर फडक्यावर धूळ येत नाही, फार तर तेलाचा पुसट डाग येतो. त्यानंतर थ्रॉटलच्या चकतीची कड पुसा. येणारा डाग काळा, तेलकट आणि चिकट असतो. बोटांच्या चिमटीत चोळला तर मऊ लागतो, कचकच लागत नाही. क्लीनरचा फवारा त्यावर पडला की तो विरघळून वाहू लागतो. धूळ म्हणजे दगडाची भुकटी, ती कुठल्याही द्रावकात विरघळत नाही. जागेचा पुरावा तर आणखी बोलका आहे. धूळ बाहेरून येत असती तर फिल्टरकडच्या तोंडावर जास्त बसली असती. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत चकतीची फिल्टरकडची बाजू त्या मानाने स्वच्छ असते आणि जाड थर तिच्या कडेला व इंजिनाकडच्या पाठीवर सापडतो. फोडणीच्या तेलाची वाफ स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीवर जसा चिवट थर धरते, त्याच जातीचा हा थर आहे, कारण त्याचा कच्चा मालही तेलाची वाफ हाच आहे.

ही वाफ इंजिनात तयार होते ती अशी. पिस्टनवर जळत्या वायूचा दाब पूर्ण जोरात चालताना वातावरणाच्या चाळीस-पन्नास पटींवर जातो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या फटीतून थोडा वायू खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये निसटतो. आपले मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या वायूत अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, काजळीचे कण असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. खाली हा गरम वायू फिरत्या क्रँकने उडवलेल्या ऑइलच्या तुषारांत मिसळतो. तो कोंडून राहिला तर दाब वाढून ऑइल सील गळू लागतील, म्हणून त्याला वाट द्यावीच लागते. ही वाट कशी असते ते बघायला निमोण्यात कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरपाशी उभं राहा. इंजिनाच्या बाजूने एक ब्रीदरची नळी खाली सोडलेली असते, तिच्या टोकातून धुरकट वाफ निघते आणि टोकाशी काळं ऑइल साचून थेंब थेंब गळतं. इंजिन दमलेलं असेल तर ही वाफ भसाभस येते, आणि ट्रॅक्टर विकत घेणारा जाणकार ऑइलचं झाकण काढून तीच आधी बघतो. जी वाफ ट्रॅक्टर उघड्यावर सोडतो, ती कारमध्ये नळीने पुन्हा हवेच्या वाटेत आणून सोडलेली असते. थ्रॉटलवरची काजळी ती हीच.

कारमध्ये ती परत आत का घेतात, यालाही इतिहास आहे. एके काळी सगळ्या मोटारी ती रस्त्यावरच सोडत. लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या तपकिरी, डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं मूळ शोधताना कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मोटारींतून सुटणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि सूर्यप्रकाश यांच्या प्रक्रियेतून ते तयार होतं. या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून न येता ब्रीदरमधून येत होता. म्हणून १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या मोटारींवर ही वाफ परत इंजिनात जाळणारी व्यवस्था आली, आणि पुढे ती जगभर झाली. तिला पीसीव्ही म्हणतात. तिच्या साधारणपणे दोन नळ्या असतात. एक झडपेतून थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये जाते. दुसरी थ्रॉटलच्या अलीकडे, फिल्टरकडच्या पाइपात उघडते. गाडी सावकाश चालताना वाफ पहिलीतून ओढली जाते. चढावर किंवा जोरात पळताना मॅनिफोल्डची ओढ कमी पडते आणि वाफ दुसऱ्या नळीतून उलटी येऊन थेट चकतीवरून जाते. शिवाय इंजिन बंद केल्यावर तापलेल्या मॅनिफोल्डमध्ये राहिलेली वाफ वर सरकत राहते आणि तुलनेने थंड असलेल्या चकतीच्या कडेला निवते. रोज असा एक पुसट हात फिरत गेला की काही महिन्यांत थर तयार.

यावर निमोण्याचा गाडीवाला विचारेल की मग धुळीच्या भागातल्या गाड्यांना हा त्रास लवकर का होतो? प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर धुळीला निर्दोष ठरवणारं नाही. फिल्टर फाटका असेल, डब्याच्या क्लिपा तुटलेल्या असतील, किंवा स्वस्तातला फिल्टर कडेने पोकळ बसला असेल, तर बारीक धूळ आत शिरते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या भुकटीतली खनिजं साध्या पोलादाहून कठीण असतात. ती थ्रॉटलवर फारशी थांबत नाहीत, हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये जातात आणि ऑइलच्या पापुद्र्यात मिसळून रिंगा व भिंती घासतात. रिंगा झिजल्या की बॅक कॉम्प्रेशन वाढतं, बॅक कॉम्प्रेशन वाढलं की ऑइलची वाफ वाढते, आणि वाफ वाढली की थ्रॉटल लवकर काळा होतो. धुळीचा हात असतो तो या आडवाटेने. म्हणूनच अशा गावात थ्रॉटलपेक्षा फिल्टरकडे आधी लक्ष हवं. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून फिल्टर फुंकून घेण्याची पद्धत सर्रास आहे. त्या झोताने कागदाच्या घड्या सैल होतात आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर सपाट जागी हलकेच आपटून सैल धूळ झाडावी, आणि खाचा भरल्या असतील तर नवा घालावा. धुळीच्या भागासाठी कंपनीच्या पुस्तिकेतही फिल्टर लवकर बदलण्याची वेगळी सूचना असते, ती आपल्यासाठीच आहे.

दुसरा आक्षेप पंपावर आणि दुकानात ऐकू येतो, की पेट्रोलच्या टाकीत क्लीनरची बाटली ओतली की सगळं साफ होतं, थ्रॉटल उघडायची गरजच काय? कार्ब्युरेटरच्या काळात या म्हणण्याला थोडा आधार होता. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच हवेत मिसळे आणि ते मिश्रण थ्रॉटलच्या चकतीवरून खाली जाई, म्हणजे चकतीला पेट्रोलचा स्पर्श होत असे. एमपीएफआय आल्यावर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर थ्रॉटलच्या कितीतरी पुढे, इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी गेले. आता थ्रॉटलवरून फक्त हवा आणि ती तेलकट वाफ जाते. टाकीत काहीही ओतलं तरी ते चकतीपर्यंत पोहोचण्याची वाटच नाही. इंजेक्टरसाठी त्या बाटलीचा उपयोग होतो की नाही हा वेगळा विषय आहे, थ्रॉटलसाठी तो शून्य आहे. दुसरा एक उपाय काही जण सुचवतात, पीसीव्हीची नळी काढून ट्रॅक्टरसारखी खाली सोडून देण्याचा. तो करू नये. मॅनिफोल्डचं उघडं पडलेलं तोंड न मोजलेली हवा ओढतं, त्याने आयडलिंग आणखी बिघडतं. ते तोंड बूच मारून बंद केलं तरी इंजिनातली वाफ पूर्वीसारखी खेचली जात नाही आणि ऑइल लवकर खराब होतं. शिवाय ज्या धुरापायी ही व्यवस्था जन्माला आली तो आपल्याच अंगणात सोडणं कोणत्याही अर्थाने शहाणपणाचं नाही.

थ्रॉटल साफ केव्हा करावा, हे आता सांगता येतं. लक्षण असेल तेव्हाच करावा. इंजिन गरम असतानाही आयडलिंग वर-खाली होतं, एसी किंवा हेडलाइट लावताच फेरे घसरतात, थांबताना गाडी बंद पडते, स्टार्ट करताना पेडल थोडं दाबावं लागतं, केबलच्या गाडीत पेडलचा पहिला अर्धा सेंटिमीटर अडकल्यासारखा लागतो, ही ती लक्षणं. ॲव्हरेज वाढावं म्हणून करू नये. गाडी चालत असताना लागेल तेवढी हवा मिळेपर्यंत आपला पाय किंवा संगणक चकती उघडतोच, थर असला तर केसभर जास्त उघडतो, एवढाच फरक. पिकअपसाठीही करू नये, त्याचं कारण वरच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात आलं आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलात थ्रॉटल क्लीनिंगची ओळ असावी हे मला पटत नाही. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेतल्या वेळापत्रकात हे काम नसतंच. आधी पाइप काढून चकतीची कड पाहावी, बोट फिरवावं, आणि मग ठरवावं. लक्षणं आहेत पण चकती स्वच्छ आहे असं दिसलं, तर दोष दुसरीकडे आहे. फुटलेली व्हॅक्यूम नळी, दमलेला स्पार्क प्लग, बिघडलेला सेन्सर, काहीही असू शकतं, आणि कॅन मारून त्यातलं काहीच सुधारणार नाही.

काम फार अवघड नाही, पण घाईचं नाही. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी करावी, इंजिन थंड होऊ द्यावं, किल्ली काढून ठेवावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा नंबरच्या पान्याने सोडवावी. आसपास विडी-काडी नको, कारण क्लीनर भडकन पेट घेतो. हातमोजे आणि चष्मा घालावा. पाइपाचा क्लॅम्प सैल करण्यापूर्वी सगळ्या नळ्या आणि कनेक्टरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, जोडताना त्याचा फार उपयोग होतो. क्लीनर थ्रॉटल बॉडीसाठीचाच घ्यावा. पेट्रोल, थिनर किंवा कार्ब्युरेटरचा कडक क्लीनर वापरू नये. पुष्कळ थ्रॉटलमध्ये चकतीभोवती एक पातळ, गडद लेप कारखान्यातच दिलेला असतो, तो फट नेमकी राखतो आणि चकती चिकटू देत नाही. मळ समजून तो खरवडला तर फट कायमची वाढते आणि मग फेरे खाली येतच नाहीत. पेचकस, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांपैकी काहीही आत जाता कामा नये. फवारा मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर मारावा आणि फडक्याने कड पुसावी. थेट आत मारलेला क्लीनर मॅनिफोल्डमध्ये साचतो, दांड्याच्या टोकांतून मोटरकडे आणि सेन्सरकडे झिरपतो. ज्या गाड्यांत फिल्टरच्या डब्याजवळ हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या बारीक तारेवर हा क्लीनर कधीही पडू देऊ नये. चकती ज्यावर टेकते तो बारीक स्टॉप स्क्रूही फिरवू नये. तो कारखान्यात बसवलेला असतो, आयडलिंग सुधारायला तो फिरवणारा माणूस संगणकाचं सगळं गणित मोडून ठेवतो.

केबलची गाडी असेल तर एकाने पेडल दाबून धरावं, दुसऱ्याने चकतीच्या पाठीमागची कड पुसावी. त्यात धोका नाही. मोटरवर चालणाऱ्या थ्रॉटलची गोष्ट वेगळी आहे. तिथे चकती बोटाने ढकलू नये, आतले प्लास्टिकचे बारीक दाते दुखावू शकतात. किल्ली ऑन असताना तर आत बोट घालूच नये, कारण मोटर चकती झटक्यात मिटवते आणि बोट सापडतं. अशा गाडीत घरी एवढंच करावं की पाइप काढून समोरून दिसणारी बाजू आणि कड पुसावी. पाठीवर जाड थर असेल तर पूर्ण बॉडी उतरवावी लागते, नवं गॅस्केट लागतं, काही गाड्यांत तिच्यातून कूलंटच्या नळ्याही जातात, आणि ते काम गॅरेजचं. पुसून झालं की द्रावक उडून जायला पुरेसा वेळ द्यावा, पाइप घट्ट बसवावा, क्लॅम्प आवळावा. पाइप जरा जरी तिरका राहिला तर फिल्टरला चुकवून धूळ आत जाण्याची वाट आपणच उघडून ठेवली असं होईल, आणि निमोण्याच्या रस्त्यांवर ती चूक महागात पडते. काळी फडकी विहिरीच्या काठावर, पाटात किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत.

साफ केल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना थोडा धूर येईल, आणि बऱ्याचदा फेरे पूर्वीपेक्षा जास्त राहतील. इथे लोक घाबरतात आणि काम बिघडलं असं समजतात. कारण असं आहे की थर वाढत गेला तसा संगणकाने चकती थोडी थोडी जास्त उघडत नेऊन आयडलिंग सांभाळलं होतं, आणि ती सवय त्याच्या स्मृतीत नोंदवलेली होती. आता थर गेला, पण चकती जुन्या हिशेबानेच उघडते, म्हणून हवा जास्त जाते. बॅटरी काढून ठेवल्याने काही गाड्यांतली ही नोंद पुसली जाते. मग एसी आणि दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत पेडलवर पाय न ठेवता चालू ठेवलं की संगणक नवीन हिशेब शिकतो. काही गाड्यांना किल्लीचा ठरावीक क्रम लागतो, तो पुस्तिकेत पाहावा. काहींना स्कॅनरशिवाय भागतच नाही. चेक इंजिनचा दिवा लागला आणि राहिला, किंवा दुसऱ्या दिवशीही फेरे चढेच राहिले, तर स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे जाणं हाच मार्ग.

मग घरी करायचंच कशाला, असं कोणी म्हणेल. वॉरंटीतल्या गाडीबाबत हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, तिला हात लावू नये. डिझेल कारबाबतही मान्य आहे. अलीकडच्या डिझेल कारमध्ये हवेच्या वाटेत चकती असते, पण ती ताकद ठरवत नाही. धुराचा काही भाग परत आत घेण्यासाठी दाबाचा फरक तयार करायला आणि इंजिन हादरा न देता बंद व्हायला तिची मदत होते. तिथे त्या परतलेल्या धुराची काजळी आणि ऑइल मिळून डांबरासारखा घट्ट थर बनतो, तो फडक्याने निघत नाही. पण वॉरंटी संपलेली, साधी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल, तर फिल्टर पाहणं, पाइप काढणं आणि चकतीची कड पुसणं हे कुठल्याही हातचलाख माणसाला जमण्यासारखं आहे. आपल्याच तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारी आणि त्यांची इंजिनं तयार होतात, २०१७ पासून जीप कंपास तिथूनच बाहेर पडते, आणि शिरूर परिसरातली कितीतरी मुलं अशा कारखान्यांत सुटे भाग हाताळण्याचं काम करतात. ज्या भागातल्या हातांना हे काम परकं नाही, तिथल्या गाडीमालकाने बॉनेट उघडायला कचरू नये. शिवाय स्वतः पाइप काढून पाहिलेल्या माणसाला गरज नसताना लावलेलं बिल ओळखता येतं.

मात्र सफाईने कारण जात नाही, हे लक्षात ठेवावं. थर लवकर धरण्यामागे आपल्या दोन सवयी असतात. एक म्हणजे ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे भरणं. थोडं जास्त असलेलं बरं, असं समजून भरलेलं ऑइल क्रँकला लागून फेसाळतं आणि त्याचे तुषार पीसीव्हीतून वर येतात. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये पातळी असली की पुरे. दुसरी म्हणजे घरापासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून स्टँडपर्यंत एवढ्याच फेऱ्यांसाठी गाडी काढणं. इंजिन पुरतं तापतच नाही, पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, आणि झाकणाच्या आत पांढुरका चिखल दिसू लागतो. आठवड्यातून एकदा गाडी शिरूर किंवा न्हावऱ्यापर्यंत नेऊन चांगली तापू दिली तर हे पाणी आणि पेट्रोल बरंचसं वाफ होऊन निघून जातं. ऑइल बदलताना पीसीव्हीची झडप आणि तिची नळी साफ आहे ना, एवढं मेकॅनिकला विचारावं. आणि हे सगळं सांभाळूनही साफ केलेला थ्रॉटल दोन-तीन महिन्यांत पुन्हा काळा झाला, तर क्लीनरचा दुसरा कॅन आणू नका. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा, वाफेचे जोरदार झोत येताहेत का बघा, आणि येत असतील तर तिथूनच थेट कॉम्प्रेशन तपासायला जा.